मागचं दार, वजा दोन इंच

ती. मावशीस,

लांबूनच, पण अगदी खाली वाकून नमस्कार. (खरं तर पलंगावर मांडी घालून बसलेय, पण वाकलेय हे खोटं नाही, कारण कागद मांडीवर आहे.) तुझी दाढ काढलीस की अजून तिची समजूत घालतेयस? काकांच्या कानातलं यंत्र सापडलं का? नसेल तर आधी साखरेचा डबा बघ, मागच्या वेळी तिथेच निघालं होतं. तुमच्या वरच्या मजल्यावरचा तो माणूस अजून पहाटे फर्निचर हलवतो का, आणि हलवून हलवून त्याला ते शेवटी कुठे ठेवायचंय हे कुणाला कळलं का? आई कशी आहे हे सगळ्यात शेवटी विचारतेय, कारण सगळ्यात आधी तेच विचारायचं होतं.

आता एक नियम सांगते. हे पत्र तू आईला वाचून दाखवशील, दाखवच. पण कंसात जे लिहिलंय ते फक्त तुझ्यासाठी. कंस आला की ओठ मिटायचे, मनात वाचायचं, कंस संपला की आवाज पुन्हा सुरू. (गणिताच्या बाई म्हणायच्या, आधी कंस सोडव, आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. आज पहिल्यांदा कंसाचा काही उपयोग झाला.) फोनच केला असता, पण तुझा फोन कायम लाऊडस्पीकरवर, त्यात काका मध्येच 'कोण गेलं?' म्हणून घाबरून विचारतात, आणि आई फोनवर 'बरी आहे' याच्यापुढे जात नाही. म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका आपल्या घरच्याच समज.

विषय आहे मागचं दार. आईला सांग, झालं. म्हणजे बसलं. म्हणजे आता सरकतं. हे सांगायला मला एक ओळ लागली, करायला सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत बाबांचा आणि माझा जीव इतक्या वेळा वरखाली झाला की दार आडवं सरकतं याचं मला अजून नवल वाटतं.

तुला माहीतच आहे, मी इथे दोन दिवसांसाठी आले होते. दिव्यांच्या शेड बनवायच्या कारखान्यातलं काम सुटलं होतं (सोडलं होतं, दिवसभर शेड बनवायच्या आणि एकातही दिवा लावून बघायचा नाही, हे मला सोसेना), आणि फेरीबोटीवर दोर टाकायचं काम मिळणार होतं. बोटीवर जाड बूट लागतात, ते बूट घरी होते, म्हणून मी घरी आले. माणसं आई पडली म्हणून येतात, मी चार महिन्यांनी बुटांसाठी आले, असं शेजारीण म्हणालीच. नेहमीप्रमाणे मागच्या फाटकातून आत शिरले, तर मागच्या दारावर आडवी फळी ठोकलेली. दोन बाजूंना दोन खिळे, प्रत्येक खिळा बोटाएवढा. बाबांनी ठोकलेली. ज्या दाराने आपल्या बायकोला पाडलं त्याला त्यांनी आपल्या परीने तुरुंगात टाकलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा पुढून वळसा घालून माझ्याच घराची घंटा वाजवली. बाबांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "दारात उभी राहू नकोस." एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या माणसाचा स्वागत करायचा हाच प्रकार, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बाबा जेवत होते. उभ्याने, ओट्यापाशी, पातेल्यातूनच. बस का नाही विचारलं, तर म्हणाले, बसलं की समोरची खुर्ची दिसते. (मावशी, हे आईला सांगू नकोस. पण मला ते ऐकून बुटांची आठवण राहिली नाही, ती थेट तिसऱ्या दिवशी झाली, आणि तोवर बस गेली होती.)

मग हळूहळू सगळं कळलं. डॉक्टरांनी मी यायच्या दीड महिना आधीच सांगितलं होतं की हाड जुळलं, वॉकर घेऊन घरी जा. वाट अडली होती ती दारापाशी. आईचं शिवणाचं मशीन मागच्या खोलीत, दोरी मागच्या अंगणात, लिंबाचं झाड मागे, सकाळचा चहा त्या झाडाखालच्या मोडक्या स्टुलावर. त्या घरात ती राहते म्हणजे त्या दारातून ये-जा करते. आणि ते दार कसं होतं ते तुला आठवत असेलच. विटेएवढा उंच उंबरठा, फळ्या फुगलेल्या, दार आत उघडायचं, म्हणजे एका हाताने ओढायचं, ढोपराने थोपवायचं, त्याच वेळी पाय उचलायचा आणि दुसऱ्या हातातली ओल्या कपड्यांची बादली सांडू द्यायची नाही. सव्वीस वर्षं तिने ही कसरत रोज दहादा केली. सर्कशीत असती तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. घरी कुणी बघितलंसुद्धा नाही. एका मंगळवारी पाय पुरेसा उचलला गेला नाही, एवढंच.

(आता हा कंस नीट ओठ मिटून वाच. ती उगाच बाहेर धावली नव्हती. मागचं फाटक वाजलं म्हणून मशीनवरून उठली होती. मी रविवारी येते म्हणून कळवलं होतं आणि आले नव्हते. तिने सोमवारीही कान फाटकाकडे लावले, मंगळवारीही. फाटक वाजलं ते मीटर बघायला आलेल्या माणसाचं. हे मला बाबांनी सांगितलं नाही, त्या मीटरवाल्यानेच सांगितलं, परवा आला तेव्हा. बिचारा अजून फाटक हळू उघडतो.)

असो. तर बाबांनी ठरवलं होतं की उंबरठाच नको. दार आणि त्याच्या शेजारची खिडकी, मधली भिंत काढून टाकायची आणि तिथे काचेचं सरकतं दार बसवायचं, रूळ जमिनीत पुरलेला, म्हणजे पाय उचलायला नको. ठरवलं होतं, पण दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन दोनदा परत आले होते. म्हणाले, तिथे आत गेलं की निवडायला लागतं, आणि आपल्या घरात निवडायचं काम तिचं आहे. मी म्हटलं मी येते.

मावशी, दारांचं दुकान तू बघितलं नसशील तर बघ. एक भलामोठा हॉल, त्यात नुसती दारं उभी. भिंती नाहीत, घरं नाहीत, रांगेने दारं. मी पहिलं उघडून पलीकडे गेले, तर हॉल. दुसरं उघडलं, हॉल. अकरा दारं उघडून मी अकराही वेळा त्याच हॉलमध्ये पोचले आणि बाराव्यापाशी मला कसंतरीच झालं, कारण गेली सहा वर्षं मी हेच करतेय की काय असं वाटलं. (हा विचार मी जास्त वेळ केला नाही. तिथे फुकट कॉफीचं यंत्र होतं.) तिथले एक चष्मेवाले गृहस्थ, आवाज मऊ, हात कायम कुठल्यातरी कडीवर, त्यांनी विचारलं की बाहेर काय दिसतं. त्यांना वाटलं असेल समुद्र, नाहीतर बाग. बाबा म्हणाले, "पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, मीटर आणि एक लिंबू." मग त्यांनी विचारलं, दाराकडून तुमची अपेक्षा काय. बाबांनी बराच विचार केला. "बाईला एकटीला बाहेर जाता आलं पाहिजे," म्हणाले. "आणि परत आत येता आलं पाहिजे. कुणाला हाक न मारता."

त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि त्यानंतर महागातलं एकही दार दाखवलं नाही.

निवड कशी केली ते ऐक, कारण ही अक्कल सगळी बाबांची. घडीचं दार आधीच बाद, त्यात बोट सापडतं. लाकडी चौकट बाद, फुगण्याचा अनुभव घेऊन झालाय. उरली अॅल्युमिनियमची सरकती दारं, त्यातली नऊ. बाबांनी डावा हात पाठीमागे नेला, उजव्या हाताची करंगळी कडीत अडकवली आणि प्रत्येक दार ओढून बघितलं. का, तर आईचा एक हात वॉकरवर असणार आणि दुसऱ्यात चहा असणार, तेव्हा दारासाठी करंगळीच उरते. सहा दारांनी करंगळीला दाद दिली नाही. एक इतकं सुळकन गेलं की शेवटाला धाडकन आपटलं, आणि बाबा म्हणाले, याला ब्रेक नाही, उतारू पडतील. उरलेल्या दोघांपैकी एकाची कडी लांब आणि जाड, मुठीत भरेल अशी. ते घेतलं. मग डावी काच सरकणारी की उजवी यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही, म्हणजे एकमेकांशी बोललो नाही. (मशीनच्या बाजूची सरकणारी, हे शेवटी ठरलं. मीच बरोबर होते. पण बाबांना ते त्यांचंच वाटू दिलंय.)

आता मापाची गोष्ट. इथून पुढे आईला सावकाश वाच आणि तिच्या तोंडाकडे बघत वाच.

दुकानवाले म्हणाले, गवंड्याने भिंत फोडली की आमचा माणूस येऊन माप घेईल. बाबांना ते लागलं. ज्या घरात सव्वीस वर्षं शिवण चालतं, अर्ध्या गावाच्या कंबरा जिच्या वहीत आहेत, तिथे माप घ्यायला बाहेरचा माणूस? त्यांनी आईची टेप काढली. ती पिवळी, दाराच्या मागच्या खिळ्याला कायम टांगलेली. तिच्या सुरुवातीचे दोन इंच झिजून फाटले म्हणून आईने कधीचे कापून टाकलेत. टेप तीनच्या आकड्याच्या अलीकडे, दोनवर सुरू होते. आई माप घेते आणि मनातल्या मनात दोन वजा करते. नवी टेप दोनदा आणून दिली, दोन्ही शेजारच्या मुलींनी उड्या मारायला नेल्या.

तर गवंड्याने भिंत फोडली, मी एका कडेला टेप धरली, दुसऱ्या कडेला बोट टेकवलं, टेप जिथे संपली तिथेच भिंत. बरोबर साठ. मला टेपचं गुपित ठाऊक. मी मनातल्या मनात दोन वजा केले आणि बाबांना ओरडून सांगितलं, "अठ्ठावन्न!" बाबा अंगणात कागद घेऊन. त्यांनाही टेपचं गुपित ठाऊक, सव्वीस वर्षं ठाऊक. त्यांना वाटलं, या पोरीला काय माहीत, ही घरात असते कधी. त्यांनी मनातल्या मनात दोन वजा केले आणि लिहिलं, छप्पन्न. मला सांगितलं नाही, कारण मी चुकले असं मला वाटू नये. मग संध्याकाळी त्यांनी तुझ्याकडे फोन केला. आठवतं? तू म्हणालीस, 'अगं ताई, दाराचं माप विचारतायत, ऐक.' बाबा म्हणाले, छप्पन्न भरलं. आणि आई, जी चार महिने 'बरी आहे'च्या पुढे गेली नव्हती, ती म्हणाली, "माझ्याच टेपने घेतलंत ना? मग त्यातले दोन कमी करा."

बाबा मला नंतर म्हणाले, इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा घरातल्या कशाततरी बोलली, त्या आनंदात मी आधी केलेलं विसरूनच गेलो. त्यांनी छप्पन्नवर काट मारून चोपन्न लिहिलं, कागदाची घडी जुन्या तिकिटांच्या पाकिटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शीळ घालत दुकानात देऊन आले. मी त्या वेळी लिंबावर चढले होते. (का ते विचारू नकोस. बरेच दिवस कशावर चढले नव्हते.)

पुढचे तीन आठवडे घराला मागची बाजूच नव्हती. एक निळी ताडपत्री, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बाबा. शेजारच्या मांजरीने तो तिच्यासाठी उघडलेला राजमार्ग समजून पिल्लांसकट येणं-जाणं सुरू केलं, आणि बाबा तिला प्रत्येक वेळी सांगायचे, आत तरी ये नाहीतर उतर. मग एक दिवस गाडीतून दार आलं, आणि दाराबरोबर दार बसवणारे आले. एकटेच येतात, काम करताना सतत शीळ घालतात, म्हणून आम्ही त्यांना शीळवाले म्हणतो. चौकट उचलून जागेवर ठेवली, उजवी बाजू भिंतीला भिडवली आणि शीळ थांबली.

डाव्या बाजूला माझा आख्खा हात गेला. चार बोटं, आडवी.

"माप कुणी घेतलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी आपली पोलादी टेप काढली, भिंतीला लावली. अठ्ठावन्न. मी म्हटलं, बघा, मी बरोबर घेतलं होतं, साठातले दोन मी तेव्हाच काढले होते. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तू काढले होतेस?" म्हणाले, "मग मी कशाला काढले?" मी म्हटलं, तुम्हीही काढलेत? मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं की फोनवर तिसरीनेही काढले होते. शीळवाल्यांना टेप दाखवली, सगळं सांगितलं. ते दाराच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसले आणि इतके हसले की खोकं बसलं. म्हणाले, "वीस वर्षं दारं बसवतोय. न मोजता चुकणारी घरं पाहिली, वाकडं मोजून चुकणारी पाहिली. तिघांनी तीनदा बरोबर करून चुकलेलं घर पहिलंच."

आम्ही हसलो नाही. दार परत पाठवायचं म्हणजे आणखी दीड महिना, आणि आई तुझ्याकडे आणखी दीड महिना. (मावशी, तुझ्याकडे तिला काही कमी नाही हे मला माहीत आहे. पण पडायच्या कितीतरी आधी तिने मला एकदा सांगितलं होतं की तुझ्या गॅलरीतून फक्त दुसऱ्यांचे कपडे वाळताना दिसतात. राग मानू नकोस.) बाबा टोपी काढून पायरीवर बसले. म्हणजे जिथे पायरी होती तिथे. शीळवाले उठले, सरकणारी काच पूर्ण उघडली तर किती जागा राहते ते मोजलं, आणि विचारलं, वॉकर केवढा? आम्हाला कुठे माहीत. मी धावत कोपऱ्यावरच्या निवृत्त नर्सबाईंकडे गेले, त्यांच्या आईचा वॉकर त्यांच्या आईसकटच घेऊन आले, कारण त्या सोडायला तयार नव्हत्या. त्या आजीबाई त्या दारातून गेल्या. दोन्ही बाजूंना एकेक बोट शिल्लक राहिलं. पलीकडे जाऊन म्हणाल्या, लिंबू छान धरलंय, आणि दोन खिशात घालून गेल्या.

मग शीळवाल्यांनी काय केलं, आपलं जुनं दार, जे बाबांनी फळी ठोकून कैद केलं होतं, ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यातली चांगली राहिलेली एक फळी कापली, बरोबर चार इंच रुंद, रंधा मारला आणि त्या फटीत उभी बसवली. ती टेपच्या खिळ्याची फळी निघाली. खिळा तसाच आहे. टेप परत तिथेच टांगली आहे. आईला सांग, मशीनवरून हात केला की पोचतो.

आता दारासोबत राहायचं कसं, हेही आम्ही चुकत चुकत शिकलो. शीळवाले जाताना तीन गोष्टी सांगून गेले होते: रुळात तेल घालायचं नाही, रूळ रोज कोरडा झाडायचा, आणि रुळाच्या बाहेरच्या अंगाला जी दोन बारीक भोकं आहेत त्यांना हात लावायचा नाही. बाबांनी पहिल्या चार दिवसांत तिन्ही मोडल्या. आपल्या घरात बिजागरी कुरकुरली, कात्री अडली, बाबांचा गुडघा वाजला, सगळ्याला औषध एकच, मशीनच्या तेलाची ती चोचीची बाटली. ती त्यांनी रुळात ओतली. दोन दिवस दार लोण्यासारखं चाललं. तिसऱ्या दिवशी तेलात धूळ बसून असा काळा चिखल झाला की दार अर्ध्यावर अडकलं, आणि आम्ही दोघांनी एक अख्खी सकाळ आईच्या दातांच्या जुन्या ब्रशांनी (ती ब्रश फेकत नाही हे किती बरं आहे) रूळ खरवडला. भोकांचं म्हणजे, बाबांना वाटलं कारखान्याची चूक राहिलीय, तिथून मुंग्या येतील. त्यांनी ती रंगारी भिंतीतल्या भेगांत भरतात त्या लांबीने सफाईदार बुजवली आणि मला बोलावून दाखवलीसुद्धा. त्याच दुपारी पाऊस आला. ती भोकं रुळातलं पाणी बाहेर जायला असतात हे आम्हाला तेव्हा कळलं, जेव्हा पाणी आत आलं आणि बाबांची चप्पल मशीनखालून तरंगत ओट्याकडे निघाली. हेअरपिनने लांबी काढायला मला दोन तास लागले. बाबा वर खुर्ची धरून उभे होते, खुर्ची कशासाठी धरली होती हे त्यांनाही आठवत नाही.

आणि काच. मी ती इतकी स्वच्छ पुसली की बाबा चहा घेऊन थेट तिच्यात गेले. कपाळावर टेंगूळ आलं, कप फुटला. त्यांनी आत जाऊन ट्रंकेतली जुनी तिकिटं काढली, न खपलेली, कधीची परत करायची राहिलेली, आणि काचेवर आईच्या डोळ्यांच्या उंचीवर एक रांग चिकटवली. आईची उंची त्यांनी न मोजता लावली. मी नंतर उभी राहून बघितलं, अचूक आहे. आता सकाळी ऊन आलं की जमिनीवर तिकिटांच्या सावल्या पडतात, निळ्या आणि गुलाबी.

रूळ झाडायचं काम बाबांनी घेतलंय. रोज सकाळी, चहाच्या आधी, लहान ब्रशने, डेपोतून गाडी निघायच्या आधी झाडतात तसं. परवा ते झाडून झाल्यावर त्यांनी नर्सबाईंचा वॉकर (या वेळी आजीबाईंशिवाय) आणला, म्हणाले, चाचणी घेतो. डाव्या हातात चहा, उजवा वॉकरवर, कमरेत आईसारखे किंचित वाकले. करंगळीने दार ओढलं. वॉकर पुढे, एक पाय, दुसरा पाय. रुळावरून गेले आणि लिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. चहा प्यायलेच नाहीत. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पाय उचलावाच लागत नाही गं." आणि परत एकदा गेले.

मी दारात उभी होते. अर्धी आत, अर्धी बाहेर, जाड बूट घालून, कारण फेरीबोटीवरून तिसऱ्यांदा निरोप आला होता की येतेस की नाही ते एकदाचं सांग. बाबा परत येताना माझ्यापाशी थांबले, कारण माझ्यामुळे वॉकर जाईना. मला वाटलं आता म्हणतील, दारात उभी राहू नकोस. पण त्यांनी वॉकर बाजूला घेतला आणि वाट बघत उभे राहिले.

तेव्हा मावशी, आईला सांग की दार तयार आहे आणि ती म्हणेल त्या दिवशी गाडी मागच्या फाटकाशी लावू. काकांना नमस्कार. दाढेचं मनावर घे. पत्र लांबलं, कागद संपत आला, म्हणून थांबते. वळणं घेत घेत का होईना, पोचले.

तुझी,
भिंगरी

ता. क. येताना आईची उशी आण, इकडची मांजरीने व्यापलीय.

ता. क. दुसरा. (हा पूर्ण कंसात आहे, सांभाळ. शीळवाल्यांना हाताखाली माणूस हवंय. मला विचारलं. माप घ्यायला! मी म्हटलं, तुम्ही आमचं दार विसरलात का? तर म्हणाले, त्यात तुझं एकटीचं बरोबर होतं. सोमवारपासून हो म्हटलंय. बोटीला नाही म्हणून कळवलं. आता प्रश्न एवढाच की आईच्या कापडाच्या गाठोड्यांची जी लहान खोली आहे, तिथे मी राहू का? तू आईला विचार, पण तुझंच डोकं लढवल्यासारखं विचार. मी विचारलं तर ती हो म्हणेल आणि मनातल्या मनात वजा करेल. मी रविवार म्हटलं की ती बुधवार धरते, महिना म्हटलं की आठवडा धरते. बाबाही तेच करतात. मीही माझ्यातून करते. तिघं मनात वजा करत बसतो, कुणी कुणाला सांगत नाही, आणि शेवटी चार बोटांची फट राहते.)

ता. क. तिसरा. मावशी, आत्ता पाकीट चिकटवताना लक्षात आलं. काकांना ऐकू जात नाही म्हणून तू तीस वर्षं औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा मोठ्याने वाचतेस. तुला मनात वाचता येतच नाही. म्हणजे आईने सगळे कंस ऐकलेत. फाटकाचाही.

खोडत नाही. राहू दे.

आई, टेप तशीच आहे, दोनवर सुरू होते. बाबांनी तिच्या खिळ्यावर चिठ्ठी लावलीय: वजा करणाऱ्याने मोठ्याने करावे. म्हणून मोठ्याने सांगते, मी राहतेय. तू ये. आणि या वेळी काही वजा करू नकोस.